घरच्या घरी : भेंडीचा ठसा, बेगडाची किनार



संक्रांत आता महिन्यावर आली. तुरीच्या शेंगा भरल्या, रब्बीची ज्वारी पोटरीत येऊ लागली, कापसाची वेचणी अजून चालूच आहे. सकाळ रानात जाते, संध्याकाळ चुलीपुढे. दुपारचा थोडा वेळ हाताशी लागतो, तेवढाच काय तो आपला. त्या वेळात करण्याजोगे एक काम आज सांगणार आहे. संक्रांतीची भेटकार्डे घरी तयार करायची. ठसे माळव्यातले, रंग मुलांच्या दप्तरातले आणि सोनेरी किनार पोळ्याला उरलेल्या बेगडाची.

तुम्ही म्हणाल, "ताई, आता कार्ड कोण पाठवतंय? मोबाईलवर तिळगुळाचं चित्र येतं, अंगठ्यानं पुढं सरकवलं की झालं." खरे आहे. मीही तसेच करते. परंतु पालम तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे, त्याला उत्तर देताना मोबाईलचा काही उपयोग नाही. त्या लिहितात : "आमच्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. नणंद लांब दिली आहे, संक्रांतीला येणे होत नाही. लेकीला आपल्या हातचे काहीतरी पाठवावे असे सासूबाईंच्या मनात आहे. मी म्हटले, तुम्ही सांगा, मी पत्र लिहून देते. तर म्हणतात, ते तुझं पत्र होईल, माझं कुठं? काय करावे ते कळवा."

सासूबाईंचे म्हणणे मला पटले. आपल्याकडे ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या वतीने दुसरेच कोणी लिहिते, दुसरेच कोणी वाचून दाखवते. त्यांचे स्वतःचे म्हणून कागदावर उमटते ते फक्त अंगठ्याचे निशाण, तेही सोसायटीच्या नाहीतर बँकेच्या कागदावर. म्हणून आजचे कार्ड असे सांगते की, ज्या हाताने आयुष्यात लेखणी धरली नाही त्या हातालाही ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करता यावे.

थोडे कार्डाविषयी

भेटकार्डाची ही रीत आपल्याकडे आली ती इंग्रजांकडून. तिकडे १८४० मध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लोकांचा पत्रव्यवहार वाढला. लंडनचे हेन्री कोल यांनी १८४३ च्या नाताळासाठी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याची हजारभर कार्डे छापून घेतली. किंमत होती एक शिलिंग. गंमत अशी की, छापखान्यात फक्त रेघा छापल्या गेल्या, रंग भरले ते हातानेच. म्हणजे जगातले पहिले छापील नाताळकार्डसुद्धा निम्मे हातचेच होते.

आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबाच्या घरीही टपाल येऊ लागले. पुढे दिवाळीची आणि संक्रांतीची कार्डे आली. लहानशा कार्डाबरोबर हलव्याचे चार दाणे पुडीत घालून पाठवण्याची पद्धत तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. तीच आपण पुन्हा करू.

काय काय लागेल

मुलांच्या चित्रकलेच्या वहीचा जाड कागद, जलरंगाची डबी, एक जाड व एक बारीक कुंचला, डिंक, कात्री, पट्टी, संपलेले बॉलपेन, जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या आणि दोन ताटल्या. ताटल्या जेवणातल्या नकोत. रंगासाठी वेगळ्या ठेवा आणि मुलांना तशी ताकीद द्या.

रंग विकत घ्यावे लागले तर वड्यांची डबी स्वस्त पडते आणि पुष्कळ दिवस पुरते. उंटाचे चित्र असलेले रंग आपल्या मुलांच्या ओळखीचे आहेत. ती कंपनी मराठी माणसाचीच. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाई तयार करण्यापासून सुरुवात केली, पुढे त्याचेच कॅम्लिन झाले. अलीकडे तिचा मोठा हिस्सा एका जपानी कंपनीकडे गेला आहे.

कागद नसेल तर जुन्या लग्नपत्रिका काढा. आतल्या पानाची कोरी बाजू चांगली जाड असते आणि तिचा काठही पुष्कळदा सोनेरी असतो. एक सांगते, पत्रिकेवरचा गणपती कात्रीत येऊ देऊ नका. घरातल्या मोठ्या माणसांना ते आवडत नाही.

कागद कापणे आणि दुमडणे

ए-४ मापाचा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. त्यातून १४ × २० सेंटिमीटरचे दोन तुकडे निघतात. एक तुकडा मध्ये दुमडला की १० × १४ चे कार्ड झाले. म्हणजे एका कागदात दोन कार्डे, पंचवीस कागदांत पन्नास.

दुमड सरळ आणि स्वच्छ पडली पाहिजे, नाहीतर कार्ड पहिल्याच नजरेला ओबडधोबड दिसते. पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दुमडीच्या जागी एक रेघ दाबून ओढा. शाई येता कामा नये, नुसती खाच पडावी. मग त्या खाचेवर कागद वळवा आणि वर नखाने दाबा. कागदाला एक अंग असते. एका बाजूने तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूने वळताना कुरकुरतो. हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिले की कळते. ज्या बाजूने सहज वळेल तीच दुमडीची बाजू.

आधी रंगाचा हात

जलरंगाचे गुपित एवढेच की तो पारदर्शक असतो. रंगाची पूड डिंकाने बांधलेली असते, पाणी लागले की ती सुटते आणि खालचा कागद तिच्यातून दिसत राहतो. म्हणून नेहमी फिक्याकडून गडदाकडे जायचे. जिथे पांढरे हवे तिथे रंग लावायचाच नाही, कागद तसाच सोडायचा.

उगवत्या सूर्याचे आकाश असे करा. कार्डाची पुढची बाजू ओल्या कुंचल्याने नुसत्या पाण्याने ओली करा. पाणी चमकले पाहिजे, साचता कामा नये. खालच्या बाजूला पिवळा, त्याच्यावर नारिंगी, सर्वांत वर थोडा निळा असे हात फिरवा. रंग आपणहून एकमेकांत मिसळतात, आपण ढवळायचे नाही. पिवळ्याजवळ निळा फार नेला तर हिरवा होतो, तेवढे सांभाळा. रंग ओला असतानाच वर पाच-सहा खडे मिठाचे दाणे टाका. मीठ आपल्याभोवतीचे पाणी आणि रंग ओढून घेते. वाळल्यावर ते झटकून टाका, कागदावर पहाटेच्या चांदण्यांसारखे ठिपके राहिलेले दिसतील. लेकरांना ही युक्ती फार आवडते.

ओल्याने कागद वाकडा होतो, त्याला घाबरू नका. पूर्ण वाळला की दोन वह्यांच्या मध्ये घालून वर पाट्यासारखे काहीतरी जड ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी सपाट झालेला असतो.

रंगाची डबी नसेल तर घरातलेही चालते. चहाचे पाणी आटवून मातकट रंग येतो आणि तो टिकतो. हळदीचा पिवळा सुंदर, पण उन्हात विटतो, आणि त्याला चुना लागला की लाल होतो. बिटाचा रंग आज गुलाबी दिसेल, पण चार दिवसांत मातीसारखा होतो, तो टाळावा.

ठसे : माळव्यातले आणि अडगळीतले

ठशासाठी सर्वांत चांगली भेंडी. आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयते तयार. भाजीला कोवळी लागते, ठशाला मात्र निबर. तिच्यात चीक कमी असतो आणि कडा ताठ राहतात, म्हणजे टाकून द्यायची तीच कामी आली.

भेंडीचा आणि आपल्या परभणीचा संबंध तुम्हाला ठाऊक असेलच. आपले कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, आणि १९८५ च्या सुमारास तिथून 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात बाहेर पडली. त्या काळी केवडा रोगाने भेंडीची पाने-शिरा पिवळ्या पडून प्लॉटच्या प्लॉट जात. भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर करून ही रोगाला दाद न देणारी जात काढली. तिच्यामुळे परभणीचे नाव देशभरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले. तेव्हा परभणीहून निघणाऱ्या कार्डावर भेंडीचा ठसा असावा, हे योग्यच नाही का?

कापलेली भेंडी चिंधीवर पालथी घालून अर्धा तास ठेवा, म्हणजे चीक टिपला जाईल. चिंधीची चौपदरी घडी ताटलीत ठेवून तिच्यावर घट्ट कालवलेला रंग ओता आणि मुरू द्या. हे झाले शाईचे पॅड. रंग पातळ झाला तर ठसा पसरतो. अशा वेळी त्यात बाभळीच्या डिंकाचे दाट पाणी दोन थेंब घाला. भेंडी पॅडवर टेकवा, मग कागदावर सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. घासायचे नाही, फिरवायचे नाही. पहिला ठसा रद्दी कागदावर, दुसरा कार्डावर. तीन-चार ठशांनंतर भेंडी मऊ पडते, तेव्हा चतकोर इंच कापून नवे तोंड काढा.

थंडीच्या दिवसांत भेंडी मिळाली नाही तर अडायला नको. कांदा आडवा कापला की वलये मिळतात, अर्ध्या लिंबाची चक्रे, गाजराची गोल टिकली. कापसाचे पान उलट्या, म्हणजे शिरांच्या बाजूने रंगवून कागदावर ठेवावे आणि वर दुसरा कागद घालून तळहाताने दाबावे. सगळ्या शिरा उमटतात. पऱ्हाटीचे पान ते, लांब गेलेल्या माणसाने पाहिले की त्याला आपले रान आठवल्याशिवाय राहणार नाही.

बटाट्यावर चाकूने आकार कोरता येतो. अर्धा बटाटा घ्या, त्यावर सुगडाचा आकार काढा आणि आकाराच्या बाहेरचा भाग साधारण अर्धा सेंटिमीटर खोल काढून टाका. वर राहिलेला आकार उमटतो. अक्षर कोरायचे असेल तर ते उलटे कोरावे, आरशात दिसते तसे, तेव्हाच कागदावर सुलटे येते.

भाजीचे ठसे एका दिवसाचे. वर्षानुवर्षे टिकणारा ठसा हवा असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या. कात्रीने मासा, पान, पतंग, जे हवे ते कापा आणि सोल्यूशनने लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवा. झिजलेल्या स्लिपरच्या तळव्याचाही ठसा उत्तम होतो. ठोकळ्याला सुतळी गुंडाळली तर गोदावरीच्या पाण्यासारख्या लाटा उमटतात. ज्वारीच्या चिपाडाचे टोक रंगात बुडवले की गोल ठिपका मिळतो. ब्लेड किंवा चाकू मात्र मुलांच्या हाती देऊ नका. कापून तुम्ही द्या, छापायला त्यांना बसवा.

संक्रांतीसाठी एक खास नमुना सांगते. काळा कागद घ्या आणि त्यावर भेंडीचे लहान-लहान पांढरे ठसे मारा. झाली चंद्रकळा. पण इथे जलरंग चालत नाही. तो पारदर्शक असल्याने काळ्यावर दिसतच नाही. दुकानात पांढरा पोस्टर रंग मिळतो, तो वापरा. चंद्रकळेला काठ हवाच, आणि तो काठ बेगडाचा.

बेगड लावण्याची रीत

पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून वर बेगड लावतो, तेच हे. घरात कुठे तरी डब्यात तुकडे असतीलच. नसेल तर अगरबत्तीच्या पुड्यातला, चॉकलेटवरचा नाहीतर स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चालतो. मिठाईवरचा वर्ख मात्र घेऊ नका, तो इतका नाजूक की फुंकरीनेही फाटतो.

कागदाला सोने लावण्याची कला मराठी माणसाच्या परिचयाची आहे. तमिळ मुलखात तंजावरला १६७६ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तिथल्या चित्रांत देवांचे दागिने आणि महिरपी खडूच्या लेपाने उंच करून त्यावर सोन्याचा पत्रा बसवतात. मराठे राजांच्या आश्रयाने ही चित्रकला भरभराटीला आली. आपण सोने कुठून आणणार? पण त्यांची उठाव देण्याची युक्ती बेगडावरही साधते.

बेगडाचा तुकडा जुन्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर पालथा ठेवा आणि संपलेल्या बॉलपेनने त्यावर ठिपके, वेल, काठाची नक्षी दाबून काढा. उलटवले की नक्षी उठून आलेली दिसते. बेगड कापताना गोळा होते, म्हणून ती दोन कागदांच्या मध्ये धरून कागदासकट कापावी. सूर्य हवा असेल तर रुपयाचे नाणे ठेवून गोल काढा.

क्रम लक्षात ठेवा. आधी रंग, मग ठसा, तो पूर्ण वाळला की शेवटी बेगड. बेगडावर पाण्याचा रंग धरत नाही, ओघळून कार्ड खराब होते. डिंक पातळ लावा, मिनिटभर थांबा, बोटाला चिकटचिकट लागू लागला की बेगड ठेवा आणि कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत जा. बोटाने दाबलेत तर केलेली नक्षी बसते. आणि बेगड थोडीच हवी. एक किनार किंवा एक सूर्य पुरे.

अंगठा

आता सासूबाईंकडे येऊ.

"मला काय येतंय लिहायला? माझा आपला अंगठा," असे म्हणताना आपल्या म्हाताऱ्या आया-सासवा पदर तोंडाला लावतात. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपण हसण्यावारी वापरतो, पण ज्याला लागायचा त्याला लागतो. सावकाराच्या कागदावर, वाटणीपत्रावर, कर्जाच्या अर्जावर, काय लिहिले आहे ते न कळता ज्यांनी अंगठे उठवले, त्यांना त्या निळ्या डागाची धास्ती बसली असेल तर नवल नाही.

या अंगठ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाच्या करारावर सबंध पंजाचा ठसा घेतला. मागाहून कोणी करार नाकारू नये, हा हेतू. पुढे तो अनेक वर्षे ठसे जमवत गेला आणि त्याला दिसले की, माणूस म्हातारा झाला तरी बोटावरच्या रेषा त्याच राहतात. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांचे ठसे ठेवणारे जगातले पहिले सरकारी कार्यालय निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा त्या कामात मोठा वाटा होता. ते सगळे कशासाठी? तर एकाच्या बोटाची खूण दुसऱ्याच्या बोटाशी जुळत नाही म्हणून. सही शिकून कोणाचीही करता येईल. अंगठा ज्याचा त्याचाच.

तेव्हा सासूबाईंना सांगा, लेकीला ओळख पटायला तुमच्या अंगठ्याहून चांगली सही नाही.

पॅडवर लाल रंग घ्या. त्यांचा अंगठा त्यावर टेकवून कार्डाच्या मध्यभागी पाच वेळा गोलाकार उमटवा, टोके बाहेर. पाच पाकळ्यांचे फूल झाले. मध्ये तर्जनीचा पिवळा ठिपका. बारीक कुंचल्याने देठ त्यांनाच ओढू द्या. हात थरथरला तर थरथरू द्या, देठ कुठे सरळ असतो? फुलाशेजारी ज्वारीचे कणीस काढायचे असेल तर करंगळीचे टोक पिवळट रंगात बुडवून खालून वर दाटीने ठिपके द्यावेत. ज्यांनी जन्मभर ज्वारी खुडली त्यांना कणीस कसे दिसते हे कोणी सांगायला नको.

बोटाला भेगा असतील तर त्याही उमटतील. त्या पुसायला जाऊ नका. कापूस वेचून, भाकऱ्या थापून पडलेल्या त्या भेगा लेक ओळखील.

घरात सगळ्यांचे मिळून एक कार्डही करता येते. आजोबांचा अंगठा मोठी पाकळी, नातवाचे बोट कळी. पोटचे लेकरू पाळण्यात असेल तर त्याचे पाऊल रंगवून उमटवा. रंग लावण्यापूर्वी बाळाच्या पायाला थोडे तेल चोळावे आणि नंतर लगेच कोमट पाण्याने धुवावे. डबीतल्या साध्या जलरंगाशिवाय दुसरा रंग बाळाला लावू नये.

मजकूर कोणाचा?

आत काही लिहायचे असेल तर सुनेने किंवा नातीने लिहावे, पण सासूबाई बोलतील तसेच लिहावे. "सप्रेम नमस्कार वि. वि." असे पुस्तकी करू नका. त्या म्हणाल्या, "गाय व्यायली, कालवड झाली, तुझी आठवण केली," तर तेच आणि तसेच. आपल्या गंगाखेडची जनाबाई. दळता-कांडता तिला सुचलेले अभंग प्रत्यक्ष पांडुरंग बसून लिहून घेत असे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. लिहिणारा एवढा थोर, तरी अभंग जनीचेच राहिले. लिहिणाऱ्याने आपले शब्द मध्ये घातले नाहीत तर पत्र बोलणाऱ्याचेच राहते.

आणि दोन ओळींत कोणाचे समाधान होत असेल तर दोनच ओळी पुरे. कोरे ठेवले तरी चालेल. फुलाखाली सात तीळ डिंकाने ओळीत चिकटवा. एक तीळ सात जणांत वाटून खाण्याची आपली म्हण लेकीला ठाऊक आहे, ती समजून घेईल.

पाकीट आणि टपाल

पाकिटासाठी १७ × २५ सेंटिमीटरचा कागद घ्या. खालून साडेदहा सेंटिमीटरवर एक खाच आणि त्यापुढे अकरावर दुसरी खाच द्या. वर साडेतीन सेंटिमीटरची झाकणपट्टी उरते. खालच्या भागाला दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरच्या पट्ट्या ठेवा, वरच्या दोन भागांच्या त्या कापून टाका. खालचा भाग वर दुमडा, पट्ट्या मागे वळवून चिकटवा. कार्ड आत सैल बसेल असे पाकीट होते.

तिळगुळाचा लाडू पाकिटात घालू नका. टपालात तो चिरडतो आणि पाकिटाला मुंग्या लागतात. हलव्याचे चार दाणे कागदाच्या चपट्या पुडीत घालून कार्डाच्या दुमडीत ठेवा. पाकिटाच्या बाहेरून बेगड नको, ती टपालात खरवडून निघते. तिकीट लावण्यापूर्वी पोस्टात वजन करून घ्यावे. तिकीट कमी पडले तर वरचे पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात, आणि सणाच्या दिवशी लेकीकडून दंड घेतल्यासारखे होते.

पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड न चुकता लिहावा. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो योजला. पाठीमागे आपला पत्ता लिहा. परभणी शहराचा पिन ४३१४०१, तुमच्या गावचा पोस्टमास्तरांना विचारून घ्या. संक्रांतीच्या आधी निदान आठ दिवस पेटीत पडले पाहिजे.

आणि ज्यांना पिनकोडच नाही त्यांचे काय? गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची माणसे उचल घेऊन ऊसतोडीला गेली आहेत. आज या फडात, उद्या त्या फडात, राहायला उसाच्या पाचटाची कोपी. मुले शाळेसाठी गावी आजीजवळ राहिलेली. अशा आजीने आणि नातवंडांनी कार्ड केले तर ते टपालाने नव्हे, जाणाऱ्याच्या हाती पाठवावे. मुकादमाचा माणूस, ट्रॅक्टरवाला, कोणी ना कोणी गावाकडे येत-जात असतो. पाकिटावर टोळीच्या मुकादमाचे आणि कारखान्याचे नाव लिहावे, म्हणजे चुकत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, कोपीत दव पडते. पहाटे उठून कोयता हातात घेणाऱ्या माउलीला आपल्या लेकराच्या बोटाचे फूल मिळाले तर संक्रांत तिथेही पोहोचली म्हणायची.

विकता येतील का?

बचत गटाच्या काही भगिनी हे विचारतीलच. सरळ सांगते, नुसत्या भेटकार्डांवर गटाने कर्ज काढू नये. मोबाईलमुळे कार्डाचे गिऱ्हाईक कमी झाले आहे. पण तुमचा गट तिळगूळ, पापड, शेवया, हळद विकत असेल तर पुडीला बांधायची ठशाची चिठ्ठी करा. हातचा ठसा पाहून गिऱ्हाईक थांबते आणि पुडी हातात घेते. खर्च धरताना कागद, रंग आणि आपला वेळ, तिन्ही धरावेत. बाया स्वतःचा वेळ धरत नाहीत आणि मग म्हणतात, सुटले काहीच नाही.

पहिल्या दिवशी चारच कार्डे करा. दोन बिघडतील, ती मुलांना खेळायला द्या. भेंडी निबर, रंग घट्ट, दाब सरळ आणि बेगड थोडी, एवढे सांभाळले की तिसऱ्या दिवशी हात बसतो. घरात लिहिता न येणारे कोणी असेल तर पहिले कार्ड त्यांच्याकडून करून घ्या, मग आपले. आणि ज्यांचे झाले त्यांनी कसे झाले ते अवश्य कळवावे. पत्रासोबत एखाद्या बोटाचे फूल आले तर मला आनंदच होईल.

पुढील अंकात : जुन्या लुगड्यांची गोधडी आणि तिच्या टाक्यांचे चार प्रकार.